कॅम्पिंग ट्रेलर ओढताना टायरची हवा कशी सांभाळायची: टीपीएमएस (टायरचं प्रेशर दाखवणारा मॉनिटर) निवडणं, बसवणं आणि त्याचे आकडे वाचणं

अमेरिकेत आपल्यापैकी बरेच जण आता पिकअपच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर लावून नॅशनल पार्क फिरायला लागलेत. आई-बाबा भारतातून आले की मोटेलच्या दोन-दोन खोल्या घेण्यापेक्षा हे बरं पडतं, घरचं जेवण होतं, मुलंही खूश. ट्रेलर घेताना चर्चा कसली होते तर बेड किती, स्लाइड-आउट (उभं केल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आहे का, सोलर आहे का, एसी दुपारी पुरेल का. टायरचा विषय कुणी काढत नाही, आणि ट्रेलरचा टायर ही अशी वस्तू आहे की ती बिघडत असताना चालवणाऱ्याला काही कळतच नाही, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

गाडीच्या टायरमधली हवा कमी झाली तर स्टिअरिंग ओढतं, सीटला थरथर जाणवते. ट्रेलर 20-25 फूट मागे, त्यात दोन अ‍ॅक्सलचा असेल तर एका टायरने मान टाकली की त्याचा भार शेजारचा टायर गुपचूप उचलतो आणि तुम्ही पुढे गाणी ऐकत जात राहता. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबला की तापतो, तापला की आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि मग एकदम फुटतो. फुटलेल्या टायरचा पट्टा चाबकासारखा फिरतो आणि फेंडर, वायरिंग, खालचे पाण्याचे पाइप, कधी गॅसची लाइनसुद्धा फाडून जातो. नवा टायर दीडशे-दोनशे डॉलरला येईल पण हे बाकीचं नुकसान हजारांत जातं.

गाडीत तर टीपीएमएस आहेच की, असं बरेच जण म्हणतात. गाडीत आहे, ट्रेलरमध्ये नाही. 2000 साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर हे प्रकरण खूप गाजलं, त्यानंतर त्याच वर्षी टायरच्या सुरक्षिततेचा ट्रेड (TREAD) अ‍ॅक्ट आला आणि पुढे सप्टेंबर 2007 पासून 10,000 पौंडांपर्यंतच्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना टायर प्रेशर मॉनिटर सक्तीचा झाला. ट्रेलर त्या नियमात नाहीत. शिवाय गाडीतला तो पिवळा दिवा हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा साधारण 25 टक्के खाली गेल्यावर लागतो. भरलेल्या ट्रेलरच्या टायरला 25 टक्के कमी म्हणजे फार उशीर झाला.

आता एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे यंत्र टायर चांगला आहे की वाईट हे ओळखत नाही. तुम्ही त्याला एक आकडा देता, आणि ते फक्त आत्ताची हवा त्या आकड्याशी ताडून बघतं. आकडाच चुकीचा दिला तर स्क्रीन दिवसभर हिरवी राहील आणि टायर फुटेल. त्यामुळे यंत्र विकत घेण्याआधी टायर वाचायला शिका.

आधी टायर वाचा, मग वजन करा

ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे एक लेबल चिकटवलेलं असतं, त्यावर टायरचा साइज, अ‍ॅक्सलची क्षमता आणि थंड टायरचं प्रेशर छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मग टायरची बाजू बघा. साइजच्या आधी एसटी लिहिलेलं असेल तर तो खास ट्रेलरचा टायर. लोड रेंज (टायर किती वजन उचलतो त्याची श्रेणी) सी असेल तर कमाल प्रेशर साधारण 50 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब), डी असेल तर 65, ई असेल तर 80. उदाहरणार्थ एसटी225/75आर15 हा साइज खूप ट्रेलरना असतो, त्यात लोड रेंज डी 65 पीएसआयला 2,540 पौंड उचलतो आणि ई 80 पीएसआयला 2,830 पौंड. ही ताकद त्या पूर्ण प्रेशरलाच मिळते हे लक्षात ठेवा. ‘प्रवास मऊ व्हावा’ म्हणून 65 च्या जागी 55 भरणारे लोक आहेत, त्यांनी टायरची वजन उचलायची ताकदच कमी केलेली असते. ट्रेलरमध्ये कुणी बसत नाही, मऊ कुणासाठी करायचं? लेबलवर जे आहे ते भरा, आणि बहुतेक ट्रेलरमध्ये ते टायरवरच्या कमाल आकड्याइतकंच असतं.

तिथेच डीओटीने सुरू होणारा एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. कोड एका बाजूला पूर्ण असतो आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट, त्यामुळे कधी कधी ट्रेलरखाली वाकून आतल्या बाजूने बघावं लागतं. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, वर्षातले नऊ-दहा महिने उन्हात उभे राहून म्हातारे होतात. नक्षी नवी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदलायचे. जुन्या टायरला मॉनिटर लावून तो तरुण होत नाही.

मग वजन. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, तिथे पाणी, सामान, तांदळाची पिशवी, कुकर, सगळं भरलेला ट्रेलर घेऊन जा. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं असे तीन वेगळे आकडे छापून मिळतात. समजा ट्रेलरच्या दोन अ‍ॅक्सलवर मिळून 5,950 पौंड आले, तर सरासरी एका टायरवर साधारण 1,490. लोड रेंज सीचा एसटी205/75आर14 टायर 50 पीएसआयला 1,760 पौंड उचलतो, म्हणजे हाताशी 15 टक्के. पण सरासरी फसवते, कारण किचन, फ्रिज आणि स्लाइड-आउट बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात, त्या बाजूच्या टायरांकडे कदाचित 5-7 टक्केच उरतात. अशा ट्रेलरला मी एक लोड रेंज वरचा टायर घालेन, मात्र आधी चाकाच्या रिमवर कोरलेलं कमाल प्रेशर बघून, कारण टायर 65 चा आणि रिम 50 ची असं चालत नाही.

वॉल्व्ह: दहा मिनिटांचं काम, सगळे विसरतात

बऱ्याच ट्रेलरना कारखान्यातून साधे रबरी वॉल्व्ह येतात. नेहमीचा टीआर413 हा रबरी वॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि त्याच्या टोकावर सेन्सरचं वजन लटकलं की चाक फिरताना तो सारखा बाहेर फेकला जातो, वाकतो, आणि मुळाशी चिरतो. म्हणजे हवा सांभाळायला लावलेल्या सेन्सरनेच हवा घालवायची. टायरच्या दुकानात जाऊन नटने कसायचे धातूचे वॉल्व्ह घालून घ्या, टायर बदलताना सांगितलं तर फारसा वेगळा खर्चही येत नाही. 80 पीएसआयचे टायर असतील तर यात चालढकल अजिबात नको.

कुठल्या प्रकारचा सेन्सर घ्यायचा

एक प्रकार वॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचा. टीएसटी, ईझटायर, टायरमाइंडर ही नावं आरव्हीवाल्यांच्या, म्हणजे कॅम्पिंगच्या गाड्या-ट्रेलर वापरणाऱ्यांच्या तोंडी असतात, त्याशिवाय ऑनलाइन स्वस्तातलेही खूप मिळतात. ते घरी बसवता येतात आणि ट्रेलर विकला तर काढून घेता येतात. यातही दोन तऱ्हा आहेत, साधा टोपी सेन्सर हवा भरताना काढावा लागतो, तर फ्लो-थ्रू सेन्सरमधून तसाच पंप लावता येतो पण तो लांब आणि जड असतो. मी साधा छोटा घ्या म्हणेन. हवा रोज भरायची नसते, आणि वॉल्व्हवर जेवढं कमी लटकेल तेवढं चांगलं.

दुसरा प्रकार रिमच्या आत बसवायचा. तो बाहेरून दिसत नाही, चोरीला जात नाही, आतल्या हवेचं तापमान जास्त खरं सांगतो, पण बॅटरी संपली की टायर उतरवावा लागतो. टायर नवे घालणारच असाल तर हा विचार जरूर करा. फोर्ड, जीएमसी, शेवी, रॅम यांच्या बऱ्याच नव्या पिकअपमध्ये ट्रेलरचे सेन्सर जोडून गाडीच्याच स्क्रीनवर आकडे बघायची सोय मिळते, तुमच्या मॉडेलला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. म्हणजे डॅशबोर्डवर अजून एक डबा नको.

घेताना तीन गोष्टी बघा: प्रत्येक टायरचं प्रेशर आणि तापमान दोन्ही दिसतं का, अलार्मचे आकडे स्वतः ठरवता येतात का, आणि सिग्नल वाढवणारा रिपीटर सोबत येतो का. फक्त दिवा लावणारा मॉनिटर घेऊ नका, आकडे दिसलेच पाहिजेत. का ते पुढे येईल.

बसवणं

घरासमोर, ट्रक जोडलेला असताना, सकाळी करा. सेन्सर पाकिटातून काढल्या काढल्या प्रत्येकावर मार्करने लिहा: डावा पुढे, डावा मागे, उजवा पुढे, उजवा मागे. मग मॉनिटरवर त्या त्या जागेचं चाक निवडून एक-एक जोडत जा. दोन सेन्सरची अदलाबदल झाली तर हायवेवर तुम्ही चांगला टायर तपासत बसाल आणि खराब तसाच राहील, म्हणून शेवटी खात्री करायची: एक सेन्सर सैल करा आणि स्क्रीनवर बरोबर तेच चाक ओरडतंय का बघा, असे चारही.

सेन्सर हाताने घट्ट बसवला की साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडा आला तर पुन्हा बसवा. सेन्सरच्या रबरी वॉशरमधून हळूहळू हवा जाणं ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे आणि लोक बिचाऱ्या टायरला दोष देत राहतात. अ‍ॅल्युमिनियमच्या वॉल्व्हवर पितळी सेन्सर वर्षभर तसाच राहिला तर गंजून चिकटतो आणि काढताना वॉल्व्हच तुटतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा काढून पुन्हा लावायचा.

रिपीटर ट्रेलरच्या पुढच्या भागात, बॅटरीजवळ किंवा पुढच्या स्टोरेजमध्ये 12 व्होल्टवर जोडा. सेन्सरचा सिग्नल अगदी क्षीण असतो, मध्ये ट्रेलरची लोखंडी फ्रेम, अ‍ॅल्युमिनियमची भिंत, पिकअपचा सगळा पत्रा. ट्रेलर छोटा असेल तर कदाचित लागणार नाही, पण 25 फुटांच्या आसपास किंवा वर असेल तर विचार न करता लावा. सिग्नल सारखा तुटत राहिला की माणूस कंटाळून मॉनिटर बंद करून ठेवतो आणि मग घेतलेलं सगळं वाया.

स्टेपनीलाही एक सेन्सर लावा. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लटकलेल्या स्टेपनीत कित्येक महिने कुणी हवा बघत नाही, आणि लागते तेव्हाच ती बसलेली सापडते.

थंड प्रेशर आणि अलार्मचे आकडे

थंड टायर म्हणजे बर्फासारखा नव्हे, तर किमान तीन तास न चाललेला आणि शक्यतो उन्हात नसलेला. सकाळी निघण्याआधी चांगल्या गेजने मोजून लेबलाप्रमाणे हवा भरा आणि तोच आकडा मॉनिटरला बेस म्हणून द्या. काही मॉनिटर जोडताना टायरमध्ये जी हवा असेल तीच बेस धरतात, अशांना गरम टायरवर जोडलं की मुळातच चुकलं.

65 पीएसआयचा टायर धरला तर खालचा अलार्म 10 टक्के कमी म्हणजे 58-59 वर ठेवा. वरचा अलार्म 20 ते 25 टक्के जास्त, म्हणजे 78 ते 81. टायर चालून तापला की प्रेशर 10-15 टक्के वाढणं अगदी नॉर्मल आहे, त्यामुळे वरचा अलार्म 70 ला ठेवलात तर रोज दुपारी वाजेल आणि चार दिवसांत तुम्ही त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकाल, ते सगळ्यात धोक्याचं. तापमानाचा अलार्म बऱ्याच यंत्रांत 158 फॅरेनहाइटला, म्हणजे 70 सेल्सिअसला ठेवलेला येतो, तो राहू द्या. फक्त हे माहीत असू द्या की टोपी सेन्सर वाऱ्यात असतो, तो टायरच्या आतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. तापमानावर नाही तर प्रेशरवर विसंबा.

पुढे ओढणाऱ्या गाडीलाही विसरू नका. ट्रेलरचा पुढचा भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, दारातल्या स्टिकरवरचं प्रेशर आणि मॅन्युअलमध्ये टो करताना काय सांगितलंय ते बघून मागच्या टायरमध्ये हवा भरा.

रस्त्यावर आकडे कसे वाचायचे

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर, आणि खरा रस्ता घेऊन सांगतो: लास वेगासहून आय-15 ने वर युटामध्ये ब्राइस कॅन्यन. वेगास साधारण 2,000 फुटांवर, ब्राइसचं कॅम्पग्राउंड 8,000 फुटांच्या आसपास. उन्हाळ्याच्या तोंडाशी वेगासला सकाळीसुद्धा उकाडा आणि ब्राइसला पहाटे गोठवणारी थंडी असं सहज होतं.

समजा वेगासला 95 डिग्री फॅरेनहाइट असताना 65 पीएसआय भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्राइसला 30 डिग्री. 65 पीएसआयच्या टायरमध्ये दर 10 डिग्रीला साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे थंडीने 9 ते 10 गेले. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, दर हजार फुटांना जवळपास अर्धा पीएसआय, त्यामुळे हातातला गेज उलट 3 ने जास्त दाखवतो. हिशोब करून गेजवर 58-59 येतं. आणि इथे एक मजेची गोष्ट आहे जी माहीत नसली की माणूस घाबरतो: बरेच सेन्सर बाहेरची हवा मोजतच नाहीत, समुद्रसपाटीचाच दाब गृहीत धरून वजाबाकी करतात, मग त्याच टायरला स्क्रीनवर 55 दिसतं आणि पहाटे चारही चाकं एकदम अलार्म देतात.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा: सगळे उतरले की एकच? चारही टायर सारखेच उतरले असतील तर ते हवामान आहे. तीन 58 वर आणि एक 51 वर असेल तर ते हवामान नाही, तो टायर गळतोय. म्हणूनच आकडे दिसणारा मॉनिटर हवा, दिव्यावरून ही तुलना होत नाही. एकटा आकडा फार काही सांगत नाही, शेजारचा काय करतोय त्यावरून त्याचा अर्थ लागतो.

मग ब्राइसला काय करायचं? हातातल्या गेजने मोजून 65 पर्यंत भरायचं, कारण त्या दिवशी तिथल्या थंडीतलं तेच थंड प्रेशर. आणि परत वेगासला उतरलात की? तिथे 105 डिग्री झाली तर तापमानाने साधारण 11 वाढतात, उंचीचे 3 जातात, म्हणजे नुसते उभे असतानाच 73 च्या आसपास, आणि चालून त्यावर अजून. आकडा 80 कडे जाईल. इथे खूप जण शोल्डरवर (हायवेच्या कडेच्या पट्टीवर) थांबून हवा सोडतात. ते कधीही करू नका. तापल्यावर प्रेशर वाढणार हे धरूनच टायर बनवलेला असतो, तुम्ही गरम टायरमधली हवा सोडलीत की तो थंड झाल्यावर 55-56 ला येईल आणि दुसऱ्या दिवशी कमी हवेवर जास्त तापेल. रात्री वेगासला मुक्काम केला, सकाळी टायर थंड असताना मोजलं, जास्त असेल तर तेव्हा 65 ला आणायचं.

ऊन कुठल्या बाजूला आहे तेही बघत जा. लॉस एंजेलिसहून दुपारी आय-15 ने वेगासकडे निघालात तर सूर्य डावीकडे, मग डावीकडचे टायर उजवीकडच्यांपेक्षा दोन-चार पीएसआय वर आणि काही डिग्री गरम दिसतील. दोन्ही डावे सारखेच वर असतील तर ऊन. डाव्या दोघांतला एकच वर चढत असेल तर तिथे ब्रेक अडकून घासतोय का, बेअरिंग तापतंय का, ते थांबून बघायचं. पंधरा-वीस डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा, रेस्ट एरियात थांबलं की चारही चाकांच्या हबवर (मधल्या भागावर) मारायचा, एक मिनिटाचं काम. प्रेशर मॉनिटरला बेअरिंग नीट कळत नाही, हे काम थर्मामीटरचंच.

स्पीडबद्दलही इथेच बोलतो. एसटी टायरवर वेगळी स्पीड रेटिंग नसेल तर तो 65 माईलसाठी आहे असं धरायचं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्यानेच 55 आहे. वाळवंटात 75 ने जायचं आणि मग स्क्रीनवर तापमान चढतंय म्हणून काळजी करायची, त्यापेक्षा 10 माईल कमी करा, आकडे डोळ्यांसमोर खाली येतात.

आणि हो, चालवणाऱ्याने हे सगळं वाचत बसू नये. शेजारी बसलेल्याला मॉनिटर द्या, बायको असो, मुलगा असो, नाहीतर बाबा असोत. बाबांना हे काम दिलं तर दर दहा मिनिटांनी चारही आकडे मोठ्याने वाचून दाखवतात, तेवढं लक्ष उत्तमच.

अलार्म वाजला तर

हळूहळू उतरणारा टायर असेल, म्हणजे 64, 63, 61 असं, तर घाई नाही पण टाळाटाळही नाही. स्पीड 45-50 वर आणा, हॅझर्ड लावा आणि पुढच्या एक्झिटला बाहेर पडा. हायवेच्या शोल्डरवर टायर बदलण्यापेक्षा एक्झिटनंतरचं पार्किंग केव्हाही बरं. खालच्या अलार्मच्या आकड्यापेक्षाही खाली गेला तर मात्र एक्झिटची वाट बघू नका, जिथे सपाट आणि रुंद शोल्डर असेल तिथे थांबा.

वेगाने हवा जातेय असा वेगळा अलार्म बरेच मॉनिटर देतात. तो वाजला, किंवा धाडकन आवाज झाला, तर ब्रेकवर पाय दाबायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक कंट्रोलरची हाताची पट्टी हलकीशी दाबा म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो सरळ होतो. मग गाडी आपणहून मंद झाली की बाजूला घ्या. मुलांना आणि आई-बाबांना रहदारीपासून लांबच्या बाजूच्या दाराने उतरवा आणि गार्डरेलच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका.

सिग्नल गेला असा अलार्म वेगळा असतो, त्यात आकडा गायब होतो. थांबून बघायला हवं, पण बहुतेक वेळा बॅटरी संपलेली असते किंवा रिपीटरची वायर सुटलेली.

जॅक लावायचा तो ट्रेलरच्या फ्रेमला, अ‍ॅक्सलला कधीही नाही, अ‍ॅक्सल वाकतो. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला अजून सोपा उपाय म्हणजे चढाचा ठोकळा, चांगलं चाक त्यावर चढवलं की शेजारचं पंक्चर चाक आपोआप हवेत येतं. ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना ठोकळे लावा. नट टॉर्क रेंचने ट्रेलरच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला कसा आणि 50 माईलनंतर थांबून पुन्हा एकदा कसा, कारण नवीन बसवलेल्या चाकाचे नट सैल होतात. टायर फुटला असेल तर त्याच बाजूचा दुसरा टायर पण दुकानात दाखवा, काही माईल त्याने दुप्पट वजन उचललेलं असतं आणि बाहेरून तो धडधाकट दिसतो. मी असा टायर लांबच्या प्रवासाला ठेवत नाही.

सोबत काय ठेवायचं

12 व्होल्टचा असा पंप जो 100 पीएसआयच्या वर जातो आणि थेट बॅटरीला चिमट्यांनी लागतो. लायटरच्या सॉकेटचे छोटे पंप 65-80 ला दमतात आणि फ्यूज उडवतात. कॅलिफोर्नियात पेट्रोल भरणाऱ्याला गॅस स्टेशनने हवा आणि पाणी फुकट दिलंच पाहिजे असा कायदा आहे, पण तिथल्या मशीनचा दाब 80 ला पोचेल याची खात्री नसते आणि 25 फुटांचा ट्रेलर त्या कोपऱ्यात घालणं म्हणजे वेगळीच कसरत. शिवाय तिथे पोचेपर्यंत टायर गरम झालेला असतो. याशिवाय स्वतःचा चांगला गेज, सेन्सरच्या जादा बटन बॅटऱ्या, टोपी सेन्सरचे एक-दोन वॉशर आणि साध्या प्लास्टिकच्या टोप्या. बॅटरीचा नंबर सेन्सर उघडून आधीच बघून ठेवा, बऱ्याच सेन्सरमध्ये सीआर1632 असते पण सगळ्यांत नाही, आणि आडगावच्या दुकानात ती मिळेलच असं नाही.

रोज सकाळचा क्रम साधा ठेवा: हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) आणि साखळ्या बघितल्या, लाइट बघितले, मॉनिटर चालू केला. काही सेन्सर रात्रभर झोपलेले असतात, चाक फिरायला लागल्यावर काही मिनिटांत जागे होतात, म्हणून कॅम्पग्राउंडच्या आतल्या रस्त्यावरच चारही आकडे आले का ते बघून मग हायवेला लागा. दोन-तीन तासांनी थांबलात की टायरला एक चक्कर मारा, फुगा आलाय का, चीर आहे का, एका बाजूने जास्त घासलाय का हे डोळ्यांनीच कळतं, त्याला सेन्सर नाही.

आणि सीझन संपल्यावर ट्रेलर उभा करताना टायर पूर्ण प्रेशरला भरा, उन्हापासून कव्हर घाला, टोपी सेन्सर काढून बॅटऱ्या वेगळ्या करून एका डबीत ठेवा, सेन्सरवर कुठल्या चाकाचा कुठला ते लिहिलेलं असेलच, आणि वॉल्व्हवर साध्या टोप्या लावा. मार्च-एप्रिलमध्ये नवीन बॅटऱ्या घालून ट्रक जोडायचा, थंड टायरला बेस प्रेशर पुन्हा द्यायचं आणि पहिल्या लांब ट्रिपच्या आधी एकदा जवळच्याच कॅम्पग्राउंडला एका रात्रीसाठी जाऊन यायचं, तेवढ्यात कुठला सेन्सर गळतोय, कुठला सिग्नल सोडतोय, सगळं घराजवळच कळतं.